मांजराचा वाटा फोडणीआधी काढावा: घरातील कोणते पदार्थ मांजराला घातक ठरतात

आपल्याकडे मांजर वाढते ते बहुतेक स्वयंपाकघराच्या आधाराने. घरात जे शिजते त्यातलाच थोडा भाग त्याच्या ताटलीत जातो: सकाळी दुधात कुस्करलेली पोळी, दुपारी रश्शात कालवलेला भात, मासे आणलेले असतील तर डोकी आणि काटे. हे सारे मायेने दिलेले असते आणि मांजरही ते ताटली लख्ख होईपर्यंत चाटते, त्यामुळे त्यात काही घातक असेल अशी शंका कुणाला येत नाही. मांजराला विषबाधा झाली म्हटले की घरच्यांना उंदराचे औषध किंवा फरशी पुसायचे फिनेल आठवते. वाटणातला कांदा-लसूण आठवत नाही, आणि तोच आपल्या घरांत सर्वांत सहज मांजराच्या पोटात जातो.

म्हणून या मार्गदर्शनातली मुख्य सूचना आधीच सांगतो. मांजराला घरचे काही द्यायचे असेल, तर त्याचा वाटा मीठ, वाटण आणि फोडणी पडण्यापूर्वी बाजूला काढावा आणि वेगळ्या भांड्यात, नुसत्या पाण्यात शिजवावा. ही सवय लागली की पुढे सांगितलेले बरेचसे धोके आपोआप टळतात. उरलेल्या धोक्यांसाठी कोणता पदार्थ काय करतो आणि चुकून खाल्ला गेल्यास काय करायचे, हे ठाऊक असावे लागते.

माणसाला पचते ते मांजराला का पचत नाही, हे थोडक्यात समजून घेणे उपयोगाचे आहे. मांजर हा पूर्णतः मांसावर जगणारा प्राणी आहे. वनस्पतींमधील अनेक रसायने निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकण्याची जी यंत्रणा माणसाच्या यकृतात असते, तिचा एक महत्त्वाचा भाग मांजराच्या यकृतात फार दुबळा असतो. शिवाय त्याचे रक्तही वेगळे आहे: हिमोग्लोबिनच्या रेणूवर ऑक्सिडीकरणाला सहज बळी पडणारे गंधकयुक्त गट माणसात २, कुत्र्यात ४ आणि मांजरात ८ असतात. त्यात वजन जेमतेम ३ ते ५ किलो. आपण ज्याला 'चिमूटभर' म्हणतो, ते त्याच्या शरीराच्या मानाने चिमूटभर राहत नाही. एक अंदाज मनात कायम असावा म्हणून मांजराचे वजन आजच करून ठेवावे. त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे, मग एकट्याचे वजन करावे आणि फरक वहीत लिहून ठेवावा. डॉक्टर पहिला प्रश्न वजनाचाच विचारतात.

कांदा आणि लसूण

कांदा, लसूण, पातीचा कांदा आणि लीक ही सारी एकाच कुळातली. त्यांच्यातील गंधकयुक्त संयुगे मांजराच्या तांबड्या रक्तपेशींमधील हिमोग्लोबिन बिघडवतात. बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या गुठळ्या पेशीच्या कडेला चिकटतात, पेशी कमकुवत होऊन फुटू लागते आणि रक्तक्षय होतो. मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५ ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तावर लक्षात येण्याजोगा परिणाम होऊ शकतो. ४ किलोच्या मांजराच्या बाबतीत ही मात्रा २० ग्रॅम होते, म्हणजे मध्यम आकाराच्या कांद्याचा पाव भाग किंवा त्याहून थोडे कमी. लसूण याहून कितीतरी तीव्र असतो. त्याची एखादी पाकळीही लहान मांजराला त्रासदायक ठरू शकते.

शिजवल्याने, परतल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने हा विषारीपणा जात नाही. वाळवल्यावर उलट पाणी निघून जाते आणि तेवढ्याच वजनात विषारी भाग अधिक उरतो. त्यामुळे कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला, लसणाची कोरडी चटणी, तळलेल्या कांद्याचा चुरा आणि पाकिटातल्या सूपमधली कांद्याची पूड हे कच्च्या कांद्याहून अधिक जपण्याचे पदार्थ आहेत. कांद्याच्या फोडी रश्शातून वेचून काढल्या तरी उपयोग होत नाही, कारण संयुगे रश्शात उतरलेली असतात. 'मी फक्त वरचे पाणी घातले, तुकडे नाही घातले' असे घरोघरी म्हटले जाते आणि ते मनापासून म्हटले जाते. पण मांजराच्या रक्ताला तुकडा आणि पाणी यांत फरक नसतो.

पश्चिम महाराष्ट्रात मटण शिजवताना आधी काढले जाणारे अळणी पाणी लहान मुलांना आणि आजाऱ्यांना देतात. तिखट नसल्यामुळे ते मांजरालाही चालेल असे वाटते. मात्र बहुतेक घरांत ते मटण कांद्यावर परतून, आले-लसणाचे वाटण आणि मीठ लावूनच शिजत ठेवलेले असते, तेव्हा ते मांजराला देऊ नये. मालवणी आणि गोव्याकडच्या हुमण, कालवण, शाकुती या पदार्थांतही वाटणात कांदा किंवा लसूण असतोच असे गृहीत धरावे. ऑम्लेट, खिमा, पावभाजी, इन्स्टंट नूडल्सचा मसाला, मसाला वेफर, बाहेरून आणलेले चायनीज आणि तंदुरी चिकन यांनाही हाच नियम लागू आहे. तंदुरी चिकनवरचा मसाला धुऊन आतला तुकडा देण्याची पद्धत आहे. मुरवणीतील लसूण मांसात खोल गेलेला असतो, म्हणून तीही सोडून द्यावी. आजारी मांजर जेवत नाही म्हणून लहान बाळांसाठीचा तयार मांसाहारी लगदा बाटलीतून आणून देण्याचा सल्ला काही जण देतात. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत असा लगदा सहज हाताशी असतो. त्यातील घटकांच्या यादीत कांद्याची किंवा लसणाची पूड नाही ना, हे आधी वाचावे, कारण अशाच लगद्यामुळे मांजरांना रक्तक्षय झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकात नोंदलेली आहेत.

या विषबाधेची सर्वांत फसवी बाब म्हणजे तिची संथ गती. कांदा खाल्ल्याच्या दिवशी मांजर कदाचित एखादी उलटी करेल, कदाचित काहीच होणार नाही. रक्तपेशी फुटण्याचा परिणाम दिसायला एक दिवसापासून पाच दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि तोवर घरचे ते जेवण विसरून गेलेले असतात. मांजर सुस्त पडून राहते, उडी मारायचे टाळते, जेवणाकडे पाठ फिरवते, त्याचा श्वास जलद होतो, हिरड्या फिकट किंवा पिवळसर दिसतात, लघवीचा रंग तांबूस-तपकिरी होतो. थोडा थोडा रस्सा महिनोन् महिने मिळत राहिला तरी असाच परिणाम हळूहळू साचू शकतो. अशा मांजराला घरचे 'म्हातारे झाले' म्हणून सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण वेळेत ओळखले आणि कांदा बंद केला तर शरीर नव्या रक्तपेशी तयार करते आणि बहुतेक मांजरे सावरतात.

चातुर्मासात ज्या घरांत कांदा-लसूण वर्ज्य असतो, तिथे मांजराचेही रश्शातून होणारे नुकसान तेवढे महिने टळते. मात्र नैवेद्याच्या ताटात दूध आणि सुका मेवा असतो. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

दूध

दूध हे विष नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. मात्र ते मांजराचे अन्नही नाही. पिल्लू आईचे दूध पिते तोवर त्याच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारे विकर भरपूर असते; दूध सुटल्यावर ते घटत जाते. मग न पचलेली साखर आतड्यात आंबते आणि जुलाब, पोटफुगी होते. काही मांजरांना अर्धी वाटी दूध पचते, काहींना दोन चमचेही पचत नाहीत. ज्या मांजराची विष्ठा नेहमी पातळ असते, त्याचे दूध आठवडाभर पूर्ण बंद करून पाहावे. औषधाविना फरक पडला, तर कारण कळले. दुधाऐवजी स्वच्छ पाण्याची वाटी दोन-तीन ठिकाणी ठेवावी, कारण मांजरे मुळातच कमी पाणी पितात.

आईविना सापडलेल्या लहान पिल्लाला मात्र गाईचे किंवा म्हशीचे दूध देणे अधिक धोक्याचे आहे. त्यातून पिल्लाला लागणारी प्रथिने पुरेशी मिळत नाहीत आणि जुलाबाने ते काही तासांत कोरडे पडू शकते. पिल्लांसाठी वेगळी दूध-पावडर औषधांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळते, ती आणावी. पिल्लू पोटावर असतानाच पाजावे, उताणे धरून पाजू नये. तसे केल्यास दूध फुप्फुसात जाते.

मासे

कोकणात, मुंबईच्या कोळीवाड्यांत आणि गोव्यात मांजर आणि मासळी यांची फारकत करता येणार नाही, आणि करण्याची गरजही नाही. शिजवलेला, काटे काढलेला, बिनमिठाचा मासा मांजराला अधूनमधून खुशाल द्यावा. धोका तीन प्रकारे येतो.

पहिला धोका कच्च्या माशाचा. तारलीच्या कुळातील अनेक माशांत आणि इतर काही माशांतही ब १ जीवनसत्त्व नष्ट करणारे एक विकर असते; ते आतड्यांत आणि डोक्यात अधिक असते. मासे साफ करताना आपण मांजरापुढे नेमका हाच भाग टाकतो. एखाद्या दिवशी खाल्ल्याने काही बिघडत नाही. पण रोजचे जेवण तेच असेल तर काही आठवड्यांत मांजराची भूक जाते, चाल डळमळते, मान खाली छातीकडे वळू लागते आणि पुढे झटके येतात. मान अशी वळलेली दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे, कारण ब १ जीवनसत्त्वाची इंजेक्शने वेळेत मिळाली तर सुधारणा लवकर होते. शिजवल्याने हे विकर नष्ट होते, म्हणून डोकी द्यायचीच असतील तर पाण्यात पूर्ण उकळून, गर काढून द्यावीत.

दुसरा धोका केवळ मासेच खाऊ घालण्याचा. तेलकट मासे आणि डबाबंद ट्यूना हेच मुख्य अन्न झाले तर ई जीवनसत्त्व कमी पडून त्वचेखालच्या चरबीला सूज येते. असे मांजर अंगाला हात लावू देत नाही, उचलले की ओरडते. आठवड्यातून एक-दोनदा मासा, बाकी दिवस इतर मांस किंवा मांजराचे तयार खाद्य, ही वाटणी योग्य आहे.

तिसरा धोका मिठाचा आणि काट्यांचा. खारा बांगडा आणि इतर खारवलेली मासळी मांजराला देऊ नये. मीठ न लावता उन्हात वाळवलेले बोंबील किंवा जवळा द्यायचाच असेल तर वाळू निघेपर्यंत धुवावा, भिजवून पाणी टाकून द्यावे आणि उकडून चिमूटभरच द्यावा. काट्यांबाबत 'मांजराला काटे खाता येतात' हा समज पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. अनेक मांजरे सुखरूप काटे खातात हे खरेच; तरीही घशात किंवा जिभेच्या मुळाशी अडकलेला काटा काढण्यासाठी भूल द्यावी लागते, आणि तो बिचारा जीव तोंडाशी पंजे मारत दोन दोन दिवस उपाशी राहतो. सुरमईचा मधला काटा काढणे सोपे आहे. मांदेली किंवा पेडवे यांसारखे बारीक काट्यांचे मासे मात्र मऊ शिजवून, बोटांनी चुरून, तपासून मगच द्यावेत. तळलेल्या तुकडीला आले-लसूण, मीठ आणि तिखट लावलेले असते. ती मांजराच्या वाट्याची नव्हे.

काळीज, अंडी, हाडे

काळीज मांजराला अतिशय आवडते आणि खाटकाकडे स्वस्त मिळते, म्हणून काही घरांत तेच रोज दिले जाते. त्यात अ जीवनसत्त्वाचा साठा फार असतो. काही महिने रोज काळीज खाणाऱ्या मांजराच्या मानेच्या मणक्यांवर हाडांची वाढ होते, मान आखडते, अंग चाटून स्वच्छ करणे त्याला जमत नाही. ही हाडे पूर्ववत होत नाहीत. आठवड्यातून एकदा सुपारीएवढा तुकडा पुरे.

अंडे उकडून द्यावे. कच्च्या पांढऱ्या बलकातील एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवते, शिवाय साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतो. शिजवलेली कोंबडीची हाडे टोकदार चिरफळतात. ती देऊ नयेत आणि कचऱ्याच्या डब्यातही उघडी ठेवू नयेत.

चॉकलेट, चहा, कॉफी

मांजराला गोड चव कळत नाही. ती ओळखणाऱ्या ग्राहकाचे एक जनुक मांजरवर्गात निकामी झालेले आहे, हे २००५ साली स्पष्ट झाले. त्यामुळे कुत्र्याप्रमाणे मांजर चॉकलेटवर तुटून पडत नाही. ते येते लोणी, साय आणि मलईच्या वासाने: चॉकलेट केकवरचे क्रीम, चॉकलेट आइस्क्रीमची उरलेली वाटी, बशीत राहिलेला दुधाचा चहा. चॉकलेटमधील थिओब्रोमिन आणि कॅफीन हृदय व मज्जासंस्थेला अतिरिक्त उत्तेजित करतात. वजनाच्या दर किलोमागे साधारण २० मिलिग्रॅमपासून अस्वस्थता, उलट्या, जलद ठोके अशी लक्षणे सुरू होऊ शकतात आणि याच्या दुप्पट-तिप्पट मात्रेत हृदयाची लय बिघडणे व झटके येणे संभवते. गडद चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ५ मिलिग्रॅम, दुधाच्या चॉकलेटमध्ये सुमारे २ मिलिग्रॅम थिओब्रोमिन असते, तर कोको पावडरमध्ये ते याहून बरेच अधिक असते. म्हणजे ४ किलोच्या मांजराला गडद चॉकलेटचे १५-१६ ग्रॅमदेखील जड जातील. चहाचा आणि कॉफीचा चोथा कुंड्यांत घालायची पद्धत चांगली आहे, मात्र मांजर माती उकरत असेल तर तो मातीखाली नीट दाबावा.

मनुका, द्राक्षे, चिंच

नाशिकची द्राक्षे आणि तासगावचे बेदाणे यांशिवाय आपला सुका मेवा पूर्ण होत नाही. द्राक्षे आणि मनुका खाल्ल्याने कुत्र्यांची मूत्रपिंडे अचानक निकामी झाल्याचे अनेक वर्षांपासून माहीत आहे. मांजरांबाबतचा पुरावा त्यामानाने तोकडा आहे, तरीही पशुवैद्य मांजरांनाही ती देऊ नयेत असेच सांगतात. गेल्या काही वर्षांत यामागे टार्टारिक आम्ल असावे असे मत पुढे आले, कारण चिंच आणि हे आम्ल असलेली बेकिंगमधील पूड खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच बिघाड आढळला. या कारणाने मी चिंचेचा कोळ आणि चिंच घातलेली आमटी या दोन्ही गोष्टी मांजराच्या ताटलीपासून दूर ठेवण्याच्या बाजूचा आहे. मांजराला आंबट आवडत नसले तरी आमटी-भात कालवून देणारे आपणच असतो.

दिवाळीच्या दिवसांत या बाबी एकत्र येतात. चिवड्यात तळलेला लसूण आणि बेदाणे, करंजीत आणि शिऱ्यात मनुका, पाहुण्यांनी आणलेली चॉकलेटे, आणि जमिनीवर मुलांच्या हातून सांडलेले सारे काही. फराळाची ताटे उचलल्यावर जमीन झाडून घेणे एवढे पाहावे, आणि मुलांना 'मनीला खाऊ द्यायचा असेल तर आजीला विचारून' असा नियम घालून द्यावा.

पीठ, मद्य, कृत्रिम साखर

यीस्ट घातलेले पाव किंवा पिझ्झ्याचे कच्चे पीठ पोटात गेल्यावर तिथल्या उबेत फुगत राहते आणि आंबताना मद्यार्क तयार होतो. पोट ताणणे आणि नशा ही दोन्ही संकटे एकदम येतात. मद्याचा घोट गमतीने पाजणे हा गुन्हा मानावा. बिनसाखरेच्या च्युइंगगममधील झायलिटॉल कुत्र्यांना प्राणघातक असते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजरांवर मात्र त्याचा तसा परिणाम आढळला नाही. घरात कुत्राही असेल तर ते त्याच्या हाती लागू देऊ नये.

जे विष नाही, तरीही मांजर मारते

शाकाहारी घरांत दूध-पोळी आणि वरण-भातावर वाढलेली मांजरे पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी जी बाहेर उंदीर, पाली, पक्षी पकडतात ती स्वतःची उणीव भरून काढतात. फ्लॅटमध्ये बंद असलेल्या मांजराला तो मार्ग नसतो. टॉरीन नावाचे अमिनो आम्ल मांजराच्या शरीरात पुरेसे बनत नाही आणि ते वनस्पतींत जवळजवळ नसते. ते कमी पडले की डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदयाचा स्नायू पातळ व फुगीर होतो. १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी हा हृदयविकार टॉरीनच्या कमतरतेमुळे होतो हे दाखवून दिले, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरीनचे प्रमाण वाढवले गेले. गाजरातील रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणेही मांजराला जमत नाही. कुत्र्याचे खाद्य मांजराला रोज घालणे याच कारणासाठी चुकीचे आहे.

आपल्या घरात मांस शिजवायचे नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे आणि त्याचा आदरच आहे. अशा घरांसाठी सरळ मार्ग म्हणजे मांजराचे संपूर्ण व संतुलित असे लिहिलेले तयार खाद्य आणून देणे. ते घरच्या भांड्यांत मिसळत नाही आणि मांजराच्या शरीराचा धर्मही पाळला जातो. मांसाहारी घरांतही रोजचे मुख्य अन्न हेच असावे आणि घरचा घास दिवसाच्या आहाराच्या दहाव्या भागाहून जास्त नसावा. ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात, तेव्हा हा दहावा भाग म्हणजे उकडलेल्या चिकनचे १५ ग्रॅम, अंदाजे दोन मोठे चमचे.

तो घास तयार करायची रीत अशी: चिकन किंवा मासा धुतला की मीठ-हळद लावण्याआधीच मांजराचा तुकडा छोट्या पातेल्यात काढावा, पाण्यात पूर्ण शिजवावा, गार झाल्यावर हाडे व काटे काढून कुस्करावा. ज्या सुरीने आणि पाटावर कांदा चिरला त्यावर तो कापू नये. दोन-तीन दिवसांचे छोटे वाटे करून फ्रीजमध्ये ठेवले तर रोजचा त्रास वाचतो.

चुकून खाल्ले तर

आधी उरलेले अन्न उचलावे आणि किती गेले असेल याचा अंदाज घ्यावा. पाकीट, डबा किंवा उरलेला पदार्थ जपून ठेवावा, वेळ लिहून ठेवावी, आणि लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा. मांजराने काय खाल्ले, किती, केव्हा, त्याचे वजन किती आणि आत्ता ते कसे आहे, ही माहिती एका दमात सांगता यावी. खाल्ल्यापासून पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर इंजेक्शन देऊन सुरक्षितपणे उलटी करवू शकतात. नंतर तो मार्ग बंद होत जातो.

घरी उलटी करवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. मिठाचे पाणी पाजल्याने मिठाची दुसरी विषबाधा होते. हायड्रोजन पेरॉक्साइडने मांजराच्या जठराला जखमा होऊन रक्तस्राव होतो. दूध, तूप, ताक, लिंबूपाणी जबरदस्तीने पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. चुलीतला कोळसा वाटून देण्याचाही उपयोग नाही. दवाखान्यात वापरतात तो सक्रिय कोळसा वेगळा असतो. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी, अर्धी किंवा पावही, दुधात चुरून देऊ नये. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते: हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. कुणी ती दिलीच असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये, कारण तिच्यावर उतारा आहे आणि तो तासांच्या हिशेबात द्यावा लागतो. लवंगेचे तेल हिरड्यांना लावणे हाही असाच टाळण्याचा घरगुती उपाय आहे.

रात्री धावपळ होऊ नये म्हणून जवळचा दवाखाना आधीच पाहून ठेवावा. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे; परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून दवाखाने आहेत; तालुक्याच्या गावी शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तो किती वाजेपर्यंत उघडा असतो आणि रात्री कोण येऊ शकते, हे एकदा विचारून भिंतीवर लिहून ठेवावे. नेण्यासाठी पेटी नसेल तर झाकणाची टोपली किंवा उशीचा अभ्रा चालतो. बिथरलेले मांजर नुसते हातात धरून दुचाकीवर नेऊ नये.

कांदा-लसूण खाल्ल्याची शंका असेल तर त्या दिवशी मांजर ठीक दिसले तरी पुढचे पाच दिवस त्याच्याकडे लक्ष ठेवावे. रोज एकदा ओठ वर करून हिरडी बोटाने हलकेच दाबावी: ती पांढुरकी होऊन दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. झोपेत असताना मिनिटाला श्वास मोजावेत. २० ते ३० च्या आसपास असावेत, ४० च्या पुढे गेले तर थांबू नये. मातीच्या ट्रेमध्ये लघवीचा रंग पाहावा. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास रक्ताची एक तपासणी करून घेणे योग्य, कारण रक्तक्षय त्याच दिवसांत सर्वाधिक असतो.

या काळात मांजराने किती खाल्ले याचीही नोंद ठेवावी. मांजर उपवास सहन करू शकत नाही. दोन-तीन दिवस पोटात अन्न नसले, आणि ते लठ्ठ असले तर विशेष करून, शरीरातली चरबी यकृतात साचू लागते आणि मूळ विषबाधेइतकाच गंभीर आजार उभा राहतो. चोवीस तास तोंडाला काही लावले नाही तर डॉक्टरांना कळवावे, आणि तोवर उकडलेल्या चिकनचे कोमट, बिनमिठाचे पाणी बोटावर घेऊन नाकाशी न्यावे.